एका तावाची मुदत

मुलुंड किंवा घाटकोपरहून सकाळची लोकल धरून जो मनुष्य रोज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, त्याच्या प्रवासाच्या दोन्ही टोकांना लोखंडाचे काम उभे असते, आणि धातू एकच असूनही त्या दोन कामांची जात एक नसते. घरातून निघताना तो ज्या जाळीच्या दरवाजाला कुलूप घालतो, तो दहा-बारा मिलिमीटरच्या चौकोनी सळया यंत्राने थंड कापून आणि विजेच्या वेल्डिंगने टाचून तयार झालेला असतो. आणि तासाभराने ज्या वास्तूतून तो गर्दीबरोबर बाहेर पडतो, तिच्यातील अलंकृत कठडे व जाळ्या, ज्या काळी लोखंड सांधायला वीज नव्हती त्या काळी, मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातांनी तयार झालेल्या आहेत. पहिल्या कामात लोखंड जोडलेले असते, दुसऱ्यात ते घडविलेले असते. या दोन क्रियापदांत किती अंतर आहे हे मला पुस्तकातून समजले नव्हते. ते एका भट्टीसमोर बसून समजले, आणि तेच येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

निमित्त घरगुती होते. आमच्या इमारतीचे फाटक चार पावसाळ्यांत सांध्यासांध्यांवर गंजून सुटले. ते पुन्हा त्याच रीतीने करून घ्यावे असे मला वाटेना, आणि घडीव काम करणारा कोणी आढळतो का म्हणून शोध करीत मी भांडुपला, पूर्वी ज्याला आग्रा रोड म्हणत त्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका गाळ्यापाशी येऊन पोहोचलो. मुलुंड, भांडुप, बोरिवली हा भाग १९५७ पर्यंत बृहन्मुंबईच्या हद्दीत आला आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दशकांत या रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले. त्यांतले मोठे बरेचसे आज दिसत नाहीत, परंतु त्यांच्या सावलीत वाढलेले लहान गाळे, साकीनाक्याला, मरोळला, कुर्ल्याला आणि येथे, अद्याप चालू आहेत. या गाळ्यातील मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांचा भाचा त्यांच्या हाताखाली घण मारतो आणि त्यांना ‘मामा’ म्हणतो, म्हणून आसपासचे सगळेच त्यांना मामा म्हणतात.

आत शिरताच पहिली गोष्ट जाणवते ती अंधाराची. बाहेर रखरखीत ऊन असताना खिडकीला गोणपाट लावलेले पाहून मी दिवा लावण्याविषयी सुचविले, तेव्हा मामा म्हणाले, “उजेड केलात तर लोखंडाचा रंग कसा दिसायचा?” लोहाराजवळ उष्णतामापक नसतो, त्याचा मापक म्हणजे रंग, आणि रंग अंधारातच खरा दिसतो. लोखंड साडेसहाशे अंशांच्या सुमारास काळपट तांबडे होते, साडेसातशे ते आठशेच्या दरम्यान डाळिंबाच्या दाण्यासारखे दिसते, नऊशे-हजाराला केशरी होते, अकराशेच्या पुढे हळदीसारखे पिवळे, आणि तेराशेच्या आसपास पांढरे होऊन त्यातून ठिणग्या उडू लागतात. त्यापुढे ते जळते. आणि जळलेले लोखंड कितीही ठोकले तरी भाकरीच्या तुकड्यासारखे कुस्करून पडते. डाळिंबी रंगाच्या पायरीवर, सुमारे ७७० अंशांना, लोहचुंबक त्याला धरीनासा होतो. ९१२ अंशांना शुद्ध लोखंडाच्या अणूंची रचनाच पालटते, आणि त्या नव्या रचनेत ते इतके आज्ञाधारक होते की थंडपणी जे बोटभर वाकविताना दोन माणसांचा दम निघेल ते एका हातोड्याने वळते. घाव बसताना त्याच्या अंतर्गत कणांची जी मोडतोड होते ती तापलेल्या अवस्थेत आपोआप भरून निघते. थंड लोखंड ठोकावे तर ते प्रत्येक घावाबरोबर कडक होत जाते आणि शेवटी तडकते.

या तापविण्याला आपल्या भाषेत ‘ताव’ म्हणतात. एकदा तापवून काढले की तो एक ताव. एखादे काम किती तावांत झाले यावरून कारागिराची परीक्षा होते. तावून-सुलाखून निघणे हा वाक्प्रचार याच धातूच्या धंद्यातून आपल्या रोजच्या बोलण्यात आलेला आहे. बारा मिलिमीटरची सळई पिवळी असताना भट्टीतून काढून ऐरणीवर ठेवली, तर ती काळपट तांबडी होईपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. ऐरण स्वतः थंड आणि अवजड असल्याने ती उष्णता ओढून घेते, हातोडा ओढतो, वारा ओढतो. म्हणजे लोहाराची सर्व विद्या त्या अर्ध्या मिनिटाच्या मुदतीत मावली पाहिजे. हे एकदा ध्यानात आले की त्या काळवंडलेल्या खोलीतील प्रत्येक वस्तूची जागा, आकार आणि वजन यांचा खुलासा होऊ लागतो. भट्टीपासून ऐरण एका पावलावर का, सांडशींचा गुच्छ डाव्या हाताला का, पाण्याची डोणी पायाशी का, या प्रश्नांचे उत्तर एकच आहे. मामांचा दंडकच आहे: “आधी हत्यार हाताशी, मग लोखंड भट्टीत. सांडस शोधायला लागलात की ताव गेला.”

भट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लोक तिला केवळ विस्तव समजतात. पूर्वी लोणारी कोळसा वापरीत. त्यात गंधक नसल्याने तो लोखंडाला सर्वांत निर्मळ, पण तो भराभरा जळून जातो आणि रानेही खातो. दगडी कोळशातला धूर व चिकटा जळून गेल्यावर जो हलका, सच्छिद्र कोक उरतो तो अधिक ताव देतो. परंतु कोणताही कोळसा वाऱ्यावाचून हजाराच्या पुढे जात नाही, आणि म्हणून भट्टीचा आत्मा निखाऱ्यात नसून भात्यात असतो. संस्कृत भस्त्रा, तिचा आपला भाता. प्राणायामातली भस्त्रिकाही तीच. आपल्याकडच्या जुन्या लोहारांचे कातडी भाते जोडीने चालत, एक फुगत असताना दुसरा दाबला जाई आणि झोत अखंड राही. आता त्या जागी विजेचा पंखा आला आहे. तरी झडप किती उघडायची हे हातालाच ठरवावे लागते, कारण वारा जास्त झाला तर न जळलेला प्राणवायू थेट लोखंडावर येऊन त्याची खपली काढतो, आणि कमी झाला तर ताव चढत नाही. म्हणून लोखंड झोताच्या तोंडाशी न ठेवता निखाऱ्यांच्या गाभ्यात, जेथे सगळा प्राणवायू खर्च होऊन गेलेला असतो तेथे, आडवे ठेवतात. नवशिका ते उभे खुपसतो आणि टोक जाळतो.

ऐरण म्हणजे दीड-दोन मणांचा पोलादी तोंडाचा ठोकळा, बाभळीच्या ओंडक्यात बसविलेला, आणि उंचीला इतका की उभ्या माणसाची सैल सोडलेली मूठ तिच्या तोंडाला टेकावी. उंच असेल तर खांदा जातो, ठेंगणी असेल तर कंबर. आपली देशी ऐरण चौकोनी, बिनशिंगाची. विलायती ऐरणीला एका बाजूस निमुळते शिंग असते, त्यावर वळसे घेता येतात, आणि शेपटाकडे एक चौकोनी व एक गोल भोक असते. चौकोनी भोकात उभी छिन्नी किंवा वाकणाचा काटा बसवून लोहार एकटाच दोघांचे काम करतो. चांगल्या ऐरणीवर हातोडा मोकळा टाकला तर तो जवळजवळ तितक्याच उंचीवर उसळून येतो, आणि ती उसळी हाताचे निम्मे कष्ट वाचवते. आपण मराठीत एखादा विषय निकडीचा झाला म्हणजे तो ऐरणीवर आला असे म्हणतो. तो वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला त्याने तापलेले लोखंड ऐरणीवर येताना नक्की पाहिले असले पाहिजे, कारण त्या क्षणी गाळ्यातले बोलणे बंद होते. मोठ्या कामाला मामा हातोडा धरतात आणि भाचा घण. मामांचा हातोडा जेथे हलका पडतो तेथे घण जोराने पडतो. हातोडा ऐरणीवर आडवा पडून किणकिणला की घण थांबतो. एक शब्दही बोलला जात नाही.

आता घडविण्याच्या क्रिया. लोखंडातून काही कमी करावयाचे नाही आणि काही वाढवावयाचे नाही, आहे तेच हलवावयाचे, हे यातले मूळ तत्त्व. या बाबतीत लोहार पाथरवटाचा नव्हे तर कुंभाराचा भाऊ आहे. वीस मिलिमीटरची चौकोनी सळई दहाची केली तर तिची लांबी चौपट होते. हा हिशेब न मांडता जो काम सुरू करतो त्याचे फाटक भिंतीत बसत नाही. तापलेले लोखंड लांबीला एका टक्क्याहून थोडे अधिक वाढलेले असते, म्हणून लाल असताना घेतलेले माप निवल्यावर आखडते, तेही जमेस धरावे लागते. टोक काढावयाचे असेल तर नवशिक्याला वाटते की गोल सळई फिरवीत फिरवीत ठोकावी. तसे केल्यास पृष्ठभाग पुढे जातो, गाभा मागे राहतो आणि टोक आतून पोकळ फाटते. नियम असा की आधी चौकोनी टोक काढावे, मग त्याच्या चार धारा मारून ते अष्टकोनी करावे, आणि शेवटच्या हलक्या घावांनी गोल करावे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक अडविण्यासाठी जे सुमारे फूटभर लांबीचे अणकुचीदार खिळे बसविलेले आहेत, त्यांच्याकडे पाहताना मला आता युद्धापेक्षा त्या टोकांमागचे ताव मोजावेसे वाटतात.

उलट क्रिया म्हणजे ठेचणे: सळईचे नेमके तेवढेच टोक तापवून ती उभी ऐरणीवर आपटली की तेथे लोखंड गोळा होऊन जाडी वाढते, आणि त्या गाठीतून पुढे कळी, पान किंवा मूठ निघते. पीळ देण्यासाठी चौकोनी सळईचा मधला भाग सारख्या रंगाचा करून एक टोक वाईसमध्ये आवळतात आणि दुसरे टोक फिरवतात. जेथे ताव कमी तेथे पीळ विरळ आणि जेथे जास्त तेथे दाट पडत असल्याने, मामा पाण्याची बारीक धार सोडून जास्त तापलेली जागा निववतात आणि पीळ पुढे सरकवतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो; लोखंडाच्या बाबतीत जळण्यातूनच तो पीळ येतो आणि निवल्यावर कायमचा होतो.

या सर्वांत मला ज्या क्रियेने खिळवून ठेवले ती भोक पाडण्याची. आमच्या फाटकात आडव्या पट्टीतून उभे गज आरपार जावयाचे होते. यंत्राने छिद्र पाडले असते तर तेवढे लोखंड कीस होऊन बाहेर पडले असते आणि पट्टी तेथेच दुबळी झाली असती. मामांनी पट्टी पिवळी करून ऐरणीवर ठेवली, मध्यावर सुंबा टेकवला, आणि भाच्याच्या घणाचे तीन घाव घेतले. सुंबा काढून पाण्यात बुचकळला, त्याच्या खाचेत कोळशाची चिमूटभर पूड टाकली, म्हणजे तो अडकत नाही, आणि पुन्हा दोन घाव. सुंबा खाली ऐरणीच्या जवळ पोहोचताच घावाचा आवाज बदलला, मऊ होता तो कडक झाला. तत्काळ त्यांनी पट्टी पालथी केली. पालथ्या बाजूवर, लालभडक लोखंडात, हरभऱ्याएवढा एक काळा ठिपका उमटलेला होता. सुंब्याखाली दबून पातळ झालेला तेवढाच भाग थंड ऐरणीला चिकटून निवला होता, आणि म्हणून खालच्या बाजूने नेमकी जागा तो स्वतःच दाखवीत होता. त्या ठिपक्यावर सुंबा ठेवून एक घाव घातला, आणि खालच्या गोल भोकातून एक लहानशी टिकली टणकन् जमिनीवर पडली. मग निमुळता गज घालून भोक फुगविले. पट्टी त्या जागी दोन्ही बाजूंना डोळ्यासारखी फुगली. गमावले गेले ते टिकलीएवढेच, बाकी सर्व लोखंड बाजूला सरकून भोकाभोवती राहिले. जुन्या फाटकांवर जेथे जेथे गज पट्टीतून जातो तेथे हा फुगीर डोळा दिसतो. आपण तो नक्षी म्हणून पाहतो. वस्तुतः ती बळकटी आहे, आणि तिची नक्षी झालेली आहे.

हीच गोष्ट बंदाची. दोन वळसे जेथे एकमेकांना टेकतात तेथे त्यांच्याभोवती पट्टीचा एक बंद घालतात. आतल्या सळयांची परिमिती आणि वर पट्टीच्या जाडीच्या सुमारे अडीच पट, एवढा तुकडा कापावा, असा त्याचा दस्तुर आहे. बंद लाल असताना गुंडाळून ठोकतात, आणि निवताना तो आखडून आतल्या दोघांना असा आवळतो की वर्षानुवर्षे हलत नाही. ज्यांनी लहानपणी गावाकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढविताना पाहिली असेल, गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेले ते कडे लाकडी चाकावर घालून वर पाणी ओतताच चाक कसे कण्हत आवळले जाते हे ज्यांच्या ध्यानात असेल, त्यांना या बंदाचे शास्त्र वेगळे समजावून सांगावयास नको.

राहता राहिला तावाचा सांधा, सर्वांत अवघड. दोन्ही तुकड्यांची तोंडे तासून, त्यांवर टाकणखार भुरभुरवून, ती पांढरी होईपर्यंत तापवतात. टाकणखार वितळून खपली धुऊन नेतो, आणि मग ती एकमेकांवर ठेवून पहिला घाव हलका व पुढचे भराभर घालावे लागतात. येथे मुदत अर्ध्या मिनिटाचीही नसते. तीन-चार सेकंदांत सांधा बसला तर बसला. अशाच तावांनी लोखंडाच्या गोळ्याला गोळा जोडीत आपल्या पूर्वजांनी दिल्लीचा सात मीटरहून उंच स्तंभ उभा केला, आणि पुढे पवारांची राजधानी झालेल्या धारेतील तो प्रचंड स्तंभही, जो आज लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत पडलेला आहे. त्या आकाराचा ताव कोणत्या भट्टीत दिला असेल याची कल्पना करताना मन थक्क होते.

उपनगरांचा आणि लोहाराचा संबंध या गाळ्यांहून फार जुना आहे. अंधेरीची महाकाली लेणी, जोगेश्वरी, बोरिवलीचे मंडपेश्वर, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातील शंभराहून अधिक लेण्यांची कान्हेरी, हे सारे काळ्या आणि कठीण खडकात खोदलेले आहे. आपण तेथे पाथरवटाचे कौतुक करतो, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु अशा दगडावर टाकी काही वेळातच बोथट होते, आणि तिला पुन्हा टोक काढून, पुन्हा पाणी देणारा लोहार जवळपास असल्याशिवाय ते काम एक दिवसही चालणे शक्य नाही. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांतील दात्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, आणि कल्याणचा एक कमार, म्हणजे लोहारही आहे. पाणी देणे ही क्रिया अशी: पोलादाची टाकी लाल करून बुडविली की ती काचेसारखी कडक आणि तशीच ठिसूळ होते, मग तिचे तोंड घासून उजळ करावे आणि मागच्या भागातील उरलेली उष्णता पुढे सरकू द्यावी. उजळ पोलादावर तेव्हा रंग धावू लागतात, सव्वादोनशे अंशांच्या सुमारास गवती पिवळा, पावणेतीनशेच्या आसपास जांभळा, तीनशेला निळा. आणि हवा तो रंग धारेवर येताच ती झटकन पाण्यात घालावी. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ. पात्याला आणि माणसालाही ‘पाणीदार’ म्हणणारी आपली भाषा हे रंग ओळखत होती.

या देशी परंपरेला वास्तुशिल्पाच्या दृष्टीने जे नवे वळण मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. सर ज. जी. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, आणि १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग तेथे आल्यानंतर तिच्यात ज्या तीन कार्यशाळा उभ्या राहिल्या त्यांपैकी एक शोभिवंत घडीव लोखंडाची होती. ती हिगिन्स यांच्या हवाली होती. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये बोरीबंदरच्या टर्मिनसचे काम सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. त्यातील लोखंडी व पितळी कठडे, तिकीटघरांच्या जाळ्या आणि मोठ्या जिन्याचे कठडे या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली तेव्हा दगडी कोरीवकामाची वाखाणणी झाली. लोखंडाकडे थांबून पाहणारे मला अजूनही थोडेच आढळतात.

त्या काळचे लोखंडही निराळे होते. भट्टीत ढवळून तयार केलेल्या घडीव लोखंडात कर्ब अत्यल्प असे आणि मळीचे बारीक धागे लाकडाच्या रेषांसारखे पसरलेले असत. ते धागे सांध्याला टाकणखाराचे काम करीत आणि गंजालाही काही अंशी अडवीत. १८५६ मध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत काढल्यावर ते लोखंड हळूहळू बाजारातून उठले, आणि आज गाळ्यात येते ते मऊ पोलाद. तिसरा प्रकार बिडाचा: त्यात दोन ते चार टक्के कर्ब, ते साच्यात सुरेख ओतता येते पण घणाखाली फुटते. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, ज्याचा बिडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडहून तुकड्यातुकड्यांनी आणून येथे उभा केला, हे या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण. आपल्या मुलखातही लोखंड गाळले जात होते. महाबळेश्वराच्या डोंगरात धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढीत. विलायती लोखंडाची स्वस्ताई आणि कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावरचा सरकारी बंदोबस्त यांच्या कात्रीत ती भट्टी विझली. त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

शिल्पकारांनी लोखंडाला हात घातला तो मात्र वेल्डिंगच्याच आधाराने, आणि हे वेल्डिंगच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. बार्सिलोनाच्या धातुकारांच्या घराण्यातला हुलिओ गोन्झालेझ १९१८ मध्ये रेनॉच्या मोटार कारखान्यात वायूच्या ज्योतीने सांधणे शिकला, आणि दहा वर्षांनी त्याच विद्येच्या बळावर पिकासोबरोबर त्याने लोखंडी शिल्पांचे नवे युग सुरू केले. मुंबईत आदी दाविएरवाला (१९२२–१९७५), जे मूळचे औषधशास्त्राचे जाणकार, आणि पिलू पोचखानावाला (१९२३–१९८६) यांनी धातूचे तुकडे आणि भंगार सांधून जी शिल्पे केली ती याच वाटेची. उलट बास्क शिल्पकार एदुआर्दो चिलिदा १९५१ मध्ये एर्नानी गावी जाऊन गावच्या लोहाराच्या भट्टीवर उभा राहिला, आणि पुढे सान सेबास्तिआनच्या समुद्रकाठच्या खडकात १९७७ मध्ये त्याने जे तीन पोलादी पंजे बसविले, त्यांतल्या प्रत्येकाचे वजन सुमारे दहा टन असूनही पाहणाऱ्याला ते तापल्या सळईसारखे वळलेले वाटतात. मला हा दुसरा मार्ग अधिक जवळचा वाटतो. सांधलेल्या शिल्पात कल्पना दिसते. घडविलेल्यात कल्पनेबरोबर धातूची संमतीही दिसते.

उपनगरातला ग्रील करणारा कारागीर कमी कष्टाळू आहे असे मला सुचवावयाचे नाही. किलोच्या दराने काम घेणाऱ्याला तावांचा हिशेब परवडत नाही. परंतु आमचे फाटक का गेले, हे मामांनी मला जुन्या तुकड्यावर नखाने दाखविले. वेल्डिंगची पुटे जेथे अर्धवट बसली होती तेथे सळई आणि पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट होती. त्या फटीत खाडीवरून येणारी खारट हवा आणि पावसाचे पाणी साचून राहिले. आणि गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा घेत असल्याने त्या गंजानेच सांधा आतून उकलला. घडीव कामातही हा धोका असतोच, म्हणून मामा बंदाच्या खालच्या अंगाला पाणी निथळायला वाट ठेवतात आणि बंद चढविण्यापूर्वी आतल्या बाजूला रंग देतात. पूर्वी हा पहिला हात शेंदूर आणि जवसाच्या तेलाचा असे; शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म, विषारी, म्हणून आता त्या जागी रेड ऑक्साइड आले आहे.

फाटकाला अकरा दिवस लागले. खंडेनवमीला मी गेलो तेव्हा ऐरण धुऊन तिला झेंडूची माळ घातलेली होती, सांडशी आणि सुंबे ओळीने मांडलेले होते, आणि भट्टी त्या एका दिवसापुरती गार होती. दोन दिवसांनी शेवटचे काम होते, वरच्या पट्टीवरील कमळकळीचे. तिला शेवटचा ताव द्यावयाचा नव्हता. घडविताना दिलेल्या तावातला जो उरला होता तोच वापरावयाचा होता. मामांनी तारेच्या ब्रशाने खपली झाडली, पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला, तो नाचला. थोडे थांबून पुन्हा टाकला, तो नुसता चरचरला. मग जवसाच्या तेलात बुडविलेला फडका त्यांनी कळीवरून फिरवला. निळसर धूर निघाला, तेल लोखंडावर सुकत काळे झाले, आणि पाकळीपाकळीवरचे हातोड्याचे घाव एकेक करून उठून दिसू लागले. भाच्याने कळी सांडशीने उचलून भिंतीशी उभ्या केलेल्या फाटकाजवळ निवत ठेवली.